मदत हवी आहे: टी कोरोनी बोरिॲलिसची प्रत ०.६ ने जास्त तेजस्वी येतेय

उत्तरमुकुट
तीन रात्री मोजतोय, तिन्ही वेळा तेच उत्तर. टी कोरोनी बोरिॲलिसची (अधूनमधून स्फोट होणारा नवतारा, पुढे नुसतं टी) व्ही प्रत, म्हणजे हिरव्या-पिवळ्या पट्ट्यातलं तेज, माझ्याकडे ९.३५ येते (आकडा लहान तितका तारा तेजस्वी). याच आठवड्यातली इतर निरीक्षकांची मापं ९.९ ते १०.० मध्ये आहेत. नवताऱ्याचा स्फोट झालेला नाही, ते विचारू नका.

खगोलज्ञ लँडोल्टच्या प्रमाणित ताऱ्यांचं (ज्यांच्या प्रती नेमक्या मोजलेल्या आहेत) एसए १०४ क्षेत्र टिपलं, त्यातल्या पाच ताऱ्यांवरून झिरो पॉइंट (कॅमेऱ्याचं माप प्रतीत बदलणारा आकडा) काढला आणि तोच टी ला लावला. पाचही ताऱ्यांची उत्तरं एकमेकांशी ०.०२ च्या आत जुळतात. डार्क, फ्लॅट (कॅमेऱ्याचे आणि उजेडाचे दोष काढायच्या फ्रेम) केलेले आहेत. झिरो पॉइंट इतका पक्का असताना ०.६ चा फरक येतो कुठून? पाऊस जवळ आलाय, फार तर तीन-चार रात्री हातात आहेत.

बायस_फ्रेम
दुर्बीण कोणती? कॅमेरा मोनो की कलर? फिल्टर? दोन्ही क्षेत्रांना एक्स्पोजर किती? आणि टिपताना दोन्हींचा उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) किती होता? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

उत्तरमुकुट
८ इंची न्यूटोनियन, एफ/५. कूल्ड कलर कॅमेरा, फक्त हिरवे पिक्सेल वापरतो. एसए १०४ ला ६० सेकंद, टी ला १० सेकंद. वेळेच्या फरकाचे १.९४५ हिशोबात धरलेत. उन्नतांशाचा इथे काय संबंध? आकाश स्वच्छ होतं.

शर्मिष्ठा
संबंध आहे, आणि बराच आहे. टी मध्यमंडलावर (उत्तर-दक्षिण रेषेवर, म्हणजे सर्वांत उंच) असताना टिपला असणार, मे महिन्यात तो तिथे रात्री एकच्या सुमाराला येतो. महाराष्ट्रातून तेव्हा त्याचा उन्नतांश ८२ अंशांच्या वर, म्हणजे एअरमास (प्रकाश किती जाडीच्या हवेतून येतो ते, थेट डोक्यावर १) १.०१. त्याच वेळी एसए १०४ पश्चिमेला ३८ अंशांवर उतरलेलं असतं, एअरमास १.६२. तुमचा झिरो पॉइंट १.६२ जाडीच्या हवेतून काढलेला आहे आणि तो तुम्ही १.०१ वाल्या ताऱ्याला लावताय. प्रमाणित ताऱ्यांचा जास्तीचा प्रकाश हवेने खाल्ला, त्याची भरपाई टी ला फुकट मिळाली. म्हणून तो तेजस्वी दिसतो.

एसए १०४ सोडा, एसए १०७ घ्या. त्याचा विषुवांश १५ तास ३९ मिनिटं, क्रांती जवळपास शून्य. टी मध्यमंडलावर असताना ते ७० अंशांवर असतं, एअरमास १.०६. उरलेला फरक शंभराव्या हिश्शाचा.

अगस्ती
एवढं कशाला? टी च्या फ्रेममध्येच तुलनेचे तारे आहेत. एएव्हीएसओच्या (रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षकांची संघटना) नकाशावरचे दोन-तीन घ्या, डिफरन्शियल फोटोमेट्री (त्याच फ्रेममधल्या ताऱ्यांशी तुलना) करा, एअरमासचा प्रश्नच मिटतो. (नकाशावर १०६ लिहिलंय म्हणजे १०.६. दशांशचिन्ह मुद्दाम देत नाहीत, ते ताऱ्यासारखं दिसतं म्हणून.) रूपविकारी ताऱ्याचं माप घ्यायला लँडोल्टपर्यंत जायची गरज नाही.

शर्मिष्ठा
अगस्ती, त्या तुलनेच्या ताऱ्यांच्या प्रती तरी कुठून आल्या? साखळीच्या वरच्या टोकाला लँडोल्टच आहे. १९९२ च्या यादीत त्याने ५२६ तारे दिले, ११.५ ते १६ प्रतीचे, खगोलीय विषुववृत्तालगत, म्हणजे दोन्ही गोलार्धांतून दिसतील असे. ज्याला स्वतःची यंत्रणा समजून घ्यायची आहे त्याने मुळाशी जायलाच हवं.

अगस्ती
यंत्रणा समजून घ्या, पण रोजच्या मापाला नको. विरळ धूर किंवा न दिसणारा सिरस ढग आला की सगळ्या आकाशावर चालणारी पद्धत त्या रात्री कोसळते. एकाच फ्रेममधल्या ताऱ्यांवरून तो ढग सारखाच जातो.

बायस_फ्रेम
दोघांचंही बरोबर, पण ०.६ चा हिशोब अजून लागलेला नाही. व्ही पट्ट्यात शोषणाचा गुणांक ०.२७ धरा. एअरमासचा फरक ०.६१. गुणाकार ०.१६५. म्हणजे ९.३५ चं ९.५२ होईल. उरलेले ०.४ कुठून आले?

उत्तरमुकुट, तीन गोष्टी सांगा. एक, टी च्या शिखर पिक्सेलचा आकडा किती? दोन, डिबेअर (शेजारचे रंगीत पिक्सेल मिसळून रंगीत चित्र) करून मग हिरवा चॅनल काढता की रॉ मधले दोन्ही हिरवे पिक्सेल थेट वेगळे करता? तीन, कॅमेऱ्यापुढे यूव्ही-आयआर कट फिल्टर आहे का?

उत्तरमुकुट
शिखर ६५,५३५ पैकी ३१,०००. दोन्ही हिरवे पिक्सेल थेट वेगळे करून बेरीज, डिबेअर नाही. ॲपर्चर दोन्हीकडे तेच, त्रिज्या ७ विकला. फिल्टर नाही. हिरवे पिक्सेल म्हणजे हिरवा फिल्टरच झाला ना?

बायस_फ्रेम
नाही. चूक तिथेच आहे.

बेअर मॅट्रिक्समधला (पिक्सेलवरच्या रंगीत फिल्टरांची जाळी) हिरवा रंग दृश्य प्रकाशापुरताच हिरवा. साधारण ७०० नॅनोमीटरच्या पुढे तो अवरक्त प्रकाश सोडू लागतो, आणि ८२० च्या पुढे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही पिक्सेल जवळपास सारखेच वागतात. साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे अवरक्त अडवणारी काच कारखान्यातूनच असते. खगोलछायाचित्रणाच्या बऱ्याच कूल्ड कलर कॅमेऱ्यांत मात्र नुसती परावर्तनरोधक लेपाची काच असते, ती सगळं आत सोडते.

आता टी कडे पाहा. एम ३ वर्गाचा तांबडा महाकाय आणि सोबत श्वेतबटू. त्याचा बहुतेक प्रकाश अवरक्तातच. तुमचा हिरवा पिक्सेल तो प्रकाश व्ही म्हणून मोजतोय. उरलेले ०.४ तिथले.

उत्तरमुकुट
पण मग एसए १०४ चे पाचही तारे ०.०२ मध्ये कसे जुळले? गळती असती तर तिथेही दिसली असती.

बायस_फ्रेम
त्या पाच ताऱ्यांचा बी−व्ही (निळ्या बी आणि व्ही प्रतींतला फरक, जास्त तितका तारा तांबडा) किती आहे ते लिहा.

उत्तरमुकुट
०.५२, ०.५८, ०.६३, ०.६६, ०.७४.

बायस_फ्रेम
पाचही जवळपास सूर्याच्या रंगाचे. गळती सगळ्यांत सारखी झाली आणि झिरो पॉइंटमध्ये गुपचूप मुरली. प्रमाणित तारे आपसांत जुळतात याचा अर्थ इतकाच की त्या रंगाच्या ताऱ्यांसाठी झिरो पॉइंट बरोबर आहे. टी चा बी−व्ही सुमारे १.४, तिथे तुमच्याकडे एकही बिंदू नाही.

चाचणी सोपी आहे. अंधार पडल्यावर साडेआठपर्यंत एम ६७ हा तारकागुच्छ पन्नास अंशांच्या वर असतो. या गुच्छात एफ ८१ हा निळा तारा आहे, प्रत सुमारे १०, बी−व्ही शून्याच्या किंचित खाली. त्याच फ्रेममध्ये बी−व्ही १.३ च्या वरचे तांबडे महाकायही आहेत. एकाच फ्रेममध्ये असल्याने एअरमास आडवा येत नाही. १० सेकंदांच्या वीस फ्रेम घ्या, सरासरी काढा. प्रत्येक ताऱ्यासाठी यादीतली व्ही प्रत वजा तुमची प्रत हा फरक उभ्या अक्षावर आणि बी−व्ही आडव्या अक्षावर मांडा. आडवी रेषा आली तर माझं म्हणणं खोटं.

ध्रुवमत्स्य
माझं मत, कलर कॅमेरा विकून मोनो घ्या आणि त्यावर जॉन्सन व्ही फिल्टर. आणि स्फोटाच्या रात्रीची तयारी ठेवली आहे का? १८६६ आणि १९४६ मध्ये हा तारा दुसऱ्या प्रतीपर्यंत चढला होता. दहाव्या प्रतीपासून दुसऱ्यापर्यंत म्हणजे जवळपास १६०० पट प्रकाश. तुमच्या १० सेकंदांत तो पूर्ण जळेल. त्यासाठी डीएसएलआर, ५० मिमी लेन्स, फोकस मुद्दाम सैल, असा वेगळा संच तयार हवा. आणि तुलनेसाठी शेजारचा अल्फा कोरोनी बोरिॲलिस घेऊ नका, तो स्वतः ग्रहणकारी जोडतारा आहे, दर १७.३६ दिवसांनी दहाव्या हिश्शाने मंदावतो.

उत्तरमुकुट
स्फोटाचं मी विचारलेलंच नाही. कॅमेरा विकणार नाही.

मघा_१०
एक प्रश्न. पाच प्रतींत बरोबर शंभर पट हे प्रमाण ज्याने १८५६ मध्ये मांडलं तो पॉग्सन पुढे मद्रास वेधशाळेत होता ना?

अगस्ती
हो, आणि मृत्यूपर्यंत, १८९१ पर्यंत, तिथेच होता. त्याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचार्यांनी १८६७ मध्ये आर रेटिक्युली हा रूपविकारी तारा शोधला. तारकांच्या प्रतीची मोजपट्टी आखणारा माणूस आपल्याकडे बसून काम करत होता, हे आपल्या शाळांतून सांगायला हवं. यावर वेगळा धागा काढा, मी लिहितो.

उत्तरमुकुट
एम ६७ केला. निळ्या ताऱ्यापासून तांबड्या महाकायापर्यंत ०.२९ चा उतार. रेषा अजिबात आडवी नाही.
अगस्ती, तुमची पद्धतही केली. फ्रेममधल्या तीन तुलनेच्या ताऱ्यांवरून टी ९.५० आला. म्हणजे एअरमासचा वाटा गेला, बाकीचं तसंच.
आता हा उतार म्हणजेच कलर टर्म (ताऱ्याच्या रंगानुसार करायची दुरुस्ती) ना? तोच लावून टाकतो.

शर्मिष्ठा
हो, उतार काढलाय तर लावा. ०.२९ भागिले १.४ म्हणजे प्रत्येक बी−व्ही मागे ०.२१. तुलनेच्या ताऱ्यांपेक्षा टी ०.८ ने तांबडा, म्हणून ०.१७ मिळवा. ९.६७.

बायस_फ्रेम
थांबा, इथे कलर टर्म चालणार नाही. उत्तर ९.६७ आलं, तरी अजून ०.३ कमीच आहे, ते का बघा.

एम ६७ मधले महाकाय के वर्गाचे, एम वर्गाइतके थंड नाहीत. साध्या एम ३ महाकायाचा बी−व्ही १.६ च्या आसपास असतो. टी चा कमी भरतो, कारण श्वेतबटूभोवतीच्या तप्त चकतीचा निळा प्रकाश बी मध्ये मिसळतो. म्हणजे बी−व्ही वरून तो के महाकायासारखा भासतो, अवरक्तात मात्र पक्का एम ३ असतो. शिवाय टायटॅनियम ऑक्साइडचे शोषणपट्टे. के ताऱ्यांवरून काढलेला सरळ रेषेचा उतार ही गळती भरून काढू शकत नाही. गळती प्रकाशातच अडवायची, मग जो थोडा उतार उरेल त्यालाच कलर टर्म म्हणायचं.

यूव्ही-आयआर कट फिल्टर बसवा, कोणाकडून उसना मिळाला तरी चालेल. दोन सूचना. फिल्टरच्या काचेने फोकस तिच्या जाडीच्या एक तृतीयांशाने मागे सरकतो, २ मिमी काचेला ०.७ मिमी, तेव्हा फोकस पुन्हा करा. आणि फ्लॅट नव्याने घ्या, जुने लावले तर फिल्टरवरची धूळ मापात उतरेल.

शर्मिष्ठा
मान्य. श्वेतबटूच्या निळ्या प्रकाशाचा मी विचार केला नव्हता. ॲपर्चरचं मात्र बदलू नका, ७ विकला त्रिज्या योग्य आहे. लँडोल्टनेही बहुतेक मापं १४ विकला व्यासाच्या छिद्रातूनच घेतली. लहान ॲपर्चर लावलं तर शेजारी मंद तारा असलेल्या प्रमाणित ताऱ्यांत तफावत येते.

उत्तरमुकुट
फिल्टर मिळाला. काल रात्री सगळं नव्याने केलं, एसए १०७ सकट.
एम ६७ चा उतार ०.२९ वरून ०.०६ वर आला.
एसए १०७ च्या झिरो पॉइंटवरून टी ९.९२, फ्रेममधल्या ताऱ्यांवरून ९.९३. उरलेली कलर टर्म लावली की ९.९५ आणि ९.९६.
दोन प्रश्न राहिले. नोंदवताना व्ही लिहू का? आणि आधीच्या तीन रात्रींचं काय, त्यात ०.४३ मिळवून टाकू का?

बायस_फ्रेम
कलर टर्म न लावता ९.९३ पाठवणार असाल तर पट्टा टीजी (कलर कॅमेऱ्याचा हिरवा पट्टा) लिहा, व्ही नाही. कलर टर्म लावली असेल तर व्ही, आणि रूपांतर केल्याची खूण करा. माझा कल टीजीकडे, कारण एम ताऱ्यावर ती टर्म अजूनही अंदाजाचीच आहे. अनिश्चितता ०.०१ लिहू नका, झिरो पॉइंटचे ०.०२ त्यात मिळवा.

जुन्या तीन रात्रींमध्ये ठरावीक आकडा मिळवता येणार नाही. गळती किती ते महाकाय आणि चकती यांच्या त्या रात्रीच्या प्रमाणावर ठरतं, आणि चकतीचा प्रकाश मिनिटामिनिटाला लुकलुकतो. मूळ फ्रेमच्या फिट्स फाइली जपून ठेवा. मापं आधीच पाठवली असतील तर आजच काढून घ्या.

उत्तरमुकुट
दोन पाठवली होती. काढली.