माजी नेते रुग्णालयात आणि ग्रुपवर ‘आतली बातमी’: मेडिकल बुलेटिन वाचायचं कसं?

नौपाडा_कट्टा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याचा व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळतो. कोणी वयस्कर माजी मुख्यमंत्री किंवा माजी मंत्री ॲडमिट झाले की तासाभरात ठरलेले तीन प्रकार येऊन पडतात. एक, ‘व्हेंटिलेटर काढला, फक्त जाहीर व्हायचं बाकी’. दोन, रुग्णालयाच्या लेटरहेडचा पुसट फोटो. तीन, व्हीलचेअरवरचा दहा सेकंदांचा व्हिडिओ आणि खाली कोणीतरी केलेलं निदान. दुपारपर्यंत प्रश्न सुरू: जांभळी नाका बंद होणार का, नातवाला शाळेतून आणू का.

विचारायचं असं, की ‘चिंताजनक पण स्थिर’ यातून नेमकं काय समजायचं? व्हिडिओवरून काही कळतं का? ॲडमिन म्हणून कायद्याने माझ्यावर काय येतं? आणि श्रद्धांजलीचा फलक कधी लावायचा? कृपया सध्या हयात असलेल्या कोणाच्या तब्येतीची चर्चा इथे नको.

वाशी_आयसीयू

‘चिंताजनक’ आणि ‘स्थिर’ हे दोन वेगळ्या प्रश्नांचे जबाब आहेत. चिंताजनक म्हणजे एखादा अवयव यंत्राच्या किंवा औषधाच्या आधाराशिवाय चालत नाही. स्थिर म्हणजे गेल्या काही तासांत आधार वाढवावा लागला नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, त्यात लपवाछपवी नाही.

‘हिमोडायनॅमिकली स्टेबल’ने सगळ्यात जास्त गोंधळ होतो. नाडी आणि रक्तदाब टिकून आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ते स्वतःच्या बळावर की नॉरॲड्रेनलिनच्या (रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाच्या) ड्रिपवर, हे त्या शब्दात नाही. शुद्धीबद्दल तर काहीच नाही. ऑगस्ट २०२० मध्ये प्रणव मुखर्जी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात होते. मेंदूतली रक्ताची गाठ काढण्याची शस्त्रक्रिया झालेली, वर कोविड. त्यांच्या मुलाने ते हयात आणि हिमोडायनॅमिकली स्थिर असल्याचं ट्वीट केलं, आणि त्याच आठवड्यात रुग्णालय ‘खोल कोमात, व्हेंटिलेटरवर’ असं सांगत होतं. लोकांना वाटलं दोघांपैकी एक खोटं बोलतोय. दोघंही बरोबर होते.

बुलेटिन एकटं वाचू नका, कालचं शेजारी ठेवा. काल ‘शुद्धीवर आहेत, बोलत आहेत’ होतं आणि आज ते वाक्य गळलं, तर बातमी त्या गळलेल्या वाक्यात आहे. श्वासाच्या आधाराची उतरंड माहीत असू द्या: नाकातली नळी, मास्क, हाय फ्लो, बायपॅप, मग घशात नळी घालून व्हेंटिलेटर. या क्रमाने पुढे गेले तर बिघाड, मागे आले तर सुधारणा. ट्रॅकिऑस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवणं) ऐकलं की ग्रुपवर हात जोडलेले इमोजी सुरू होतात, पण घशातली नळी साधारण आठवडा-दोन आठवडे राहिली की ती करतात, म्हणजे रुग्णाला गुंगीचं औषध कमी लागतं आणि व्हेंटिलेटर सोडवणं सोपं जातं. शेवट जवळ आल्याची ती खूण नाही. ‘उपचारांना प्रतिसाद देत आहेत’ हे वाक्य मात्र मी असतो तर वगळून वाचलं असतं. ताप अर्ध्या डिग्रीने उतरला तरी ते लिहिता येतं. आणि ‘रुटीन चेकअपसाठी दाखल’ असं सांगितलं तरी रात्री पावणेअकराला ॲम्ब्युलन्समधून रुटीन चेकअप होत नाही, हेही खरंच.

आता ‘माणसं ओळखत नाहीत’ ही आतली बातमी. ऐंशीच्या पुढे यातून निष्कर्ष काढणं फार धोक्याचं. रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ हवं. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी, त्यात दोन दिवस जुलाब किंवा जेवण कमी, की ते ११८-१२० वर येतं. माणूस असंबद्ध बोलतो, रात्री उठून चालू लागतो, मुलीला बहीण समजतो. नुसत्या लघवीच्या संसर्गानेही हेच होतं. याला डिलिरिअम म्हणतात, स्मृतिभ्रंश नव्हे. सोडियम घाईने भरताही येत नाही. चोवीस तासांत ८ ते १० मिलिमोलपेक्षा जास्त चढवलं तर मेंदूच्या खोडाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून चार-पाच दिवस लागतात, आणि नेमके तेच दिवस अफवेला मिळतात. सहाव्या दिवशी तोच माणूस पेपर मागतो.

व्हिडिओबद्दल थोडक्यात: पायाची सूज अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीनेही येते, चेहरा स्टेरॉइडने फुगतो, बोलणं नव्या कवळीने बिघडतं, उत्तर चुकतं कारण कानातलं मशीन लावलेलं नसतं. व्हीलचेअर तर बहुतेक वेळा गुडघ्यांची असते. चालताना एकच हात न हलणं, चेहऱ्यावर भाव नसणं याला न्यूरॉलॉजिस्ट महत्त्व देतो, पण समोर बसवून, हातपाय तपासून. फोनवर बघून नाही.

डेस्क_ऐरोली

डॉक्टरांनी आतली बाजू सांगितली, मी बातमीची सांगतो.

दोन स्रोत हवेत हे सगळ्यांना पाठ असतं. पण दोन स्रोत म्हणजे दोन विहिरी, एका विहिरीचे दोन पोहरे नव्हेत. मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोकमध्ये होते. ते गेल्याचं पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत सांगितलं, सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, आकाशवाणीने बातमी दिली. जेपी जिवंत होते. ते गेले ८ ऑक्टोबर १९७९ ला, पाटण्यात. पंतप्रधान, संसद, आकाशवाणी: मोजायला गेलं तर तीन, मूळ एकच चुकीचा निरोप. २०१८ मध्ये वाजपेयी एम्समध्ये असताना १६ ऑगस्टला एका राज्याच्या राज्यपालांनी टीव्हीवर बघून शोक व्यक्त केला, मग ट्वीट काढून माफी मागितली. वाजपेयींचं निधन त्या दिवशी संध्याकाळी ५ वाजून ५ मिनिटांनी झालं. म्हणजे मोठ्या पदावरच्या माणसाचा शोकसंदेश हा स्रोत नाही. तोही तुमच्यासारखाच टीव्ही बघत असतो.

दुसरी गडबड आमच्याकडची. मोठ्या नेत्यांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवलेले असतात, त्यात काही अशुभ नाही. ते चुकून बाहेर पडतात. नोव्हेंबर २०२० मध्ये फ्रान्सच्या आरएफआय या रेडिओच्या वेबसाइटचं काम चालू असताना शंभरेक हयात व्यक्तींचे मृत्युलेख एकदम प्रसिद्ध झाले. त्यात इंग्लंडची राणी होती, अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर होते, फुटबॉलपटू पेलेही होते. असं पान उघडलं की पाच मिनिटांत गायब होतं, पण स्क्रीनशॉट फिरत राहतो.

लेटरहेडच्या फोटोत एवढं बघा: तारखेबरोबर वेळ आहे का, सही कोणाची आणि हुद्दा काय (वैद्यकीय अधीक्षक, संचालक किंवा माध्यम विभाग), आणि तेच पत्र रुग्णालयाच्या स्वतःच्या खात्यावर आहे का. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन शून्य. व्हिडिओचे दोन-तीन स्क्रीनशॉट गुगल लेन्सला टाका. मागच्या सगळ्यांच्या तोंडाला मास्क असतील तर क्लिप बहुधा २०२०-२१ची. मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो किमान पाच हातांतून आलेला आहे, ‘माझा भाचा तिथेच ड्यूटीवर आहे’ असं वर लिहिलेलं असलं तरी. भाचा नक्की कोणाचा, हे पाचव्या हाताला माहीत नसतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. निधन आणि घोषणा यांत कधी कधी वेळ जातो. जवळची माणसं पोचायची असतात, पोलिसांना बंदोबस्त लावायचा असतो. ठाणेकरांना हे समजावून सांगायला नको. २६ ऑगस्ट २००१ ला आनंद दिघे गेल्याचं कळल्यावर जमावाने सिंघानिया रुग्णालय पेटवलं होतं. त्या मधल्या वेळात फुटलेली बातमी कधी तरी खरी निघते, आणि त्या एका वेळेच्या जोरावर पुढच्या नऊ खोट्या विकल्या जातात.

वाशी_आयसीयू

त्याला जोडून: ‘चार दिवसांपूर्वीच गेले, यंत्रावर ठेवलंय’ हे शक्य नाही. हृदय थांबल्यावर व्हेंटिलेटर फक्त छातीत हवा ढकलतो. रक्त फिरत नाही, अंग गार पडतं, काही तासांत ताठरतं. चार दिवस कोण लपवणार, आणि कोणापासून? वॉर्डात तीन पाळ्या बदलतात. मेंदूमृत्यू वेगळा, त्यात हृदय चालू असतं. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात त्यासाठी चार डॉक्टरांचं मंडळ आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या सांगितल्या आहेत.

कोपरी_वकील

ॲडमिनपुरतं सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कोणी दोषी ठरत नाही, दोघांचा समान हेतू दिसला पाहिजे. पण तेव्हा दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी डिलीट करायची सोय ॲडमिनकडे नव्हती. आता आहे. त्यामुळे वाचून, त्यावर अंगठा दाखवून तो तसाच ठेवू नका.

अफवेचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३५३, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. लोकांत भीती किंवा घबराट पसरवण्याचा हेतू किंवा तशी शक्यता लागते, आणि वाजवी आधाराने, सद्भावनेने खरं समजून टाकलं असेल तर अपवाद आहे. पोलीस लगेच उचलतात या भीतीमागे २०१२ आहे. बाळासाहेब ठाकरे १७ नोव्हेंबरला गेले, त्यानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि ते लाइक केल्याबद्दल पालघरमध्ये (तेव्हा ठाणे जिल्हाच) दोन मुलींना अटक झाली. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. मत मांडणं वेगळं, ‘गेले’ म्हणून खोटी माहिती देणं वेगळं.

आयसीयूतला फोटो मात्र कोणत्याही परिस्थितीत ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरलाय, आणि डॉक्टरांना रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन २००२ च्या व्यावसायिक आचार नियमांत आहे. फोटो ज्याने काढला त्याची नोकरी जाते, फिरवणारे नामानिराळे राहतात.

नेरुळचा_मतदार

सगळं मान्य, पण ‘माजी’ या शब्दाआड बरंच खपतं. जो राज्यसभेत आहे, पक्षाची सूत्रं हलवतो, उमेदवार ठरवतो, तो माजी कसा? लोक अंदाज बांधतात कारण कोणी नीट सांगत नाही. अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ५ नोव्हेंबर १९९४ ला स्वतः पत्र लिहून अल्झायमर झाल्याचं सांगितलं. पुढे जवळपास दहा वर्षं जगले, जून २००४ मध्ये गेले. आजार कोणता, हा प्रश्नच उरला नाही. आपल्याकडे जॉर्ज फर्नांडिस यांच्या वाट्याला काय आलं? तोच आजार, आणि त्यांची देखभाल कोणी करायची, कोणी भेटायचं यावरून घरातला वाद दिल्ली उच्च न्यायालयात.

डेस्क_ऐरोली

@नेरुळचा_मतदार, पद असेल तर प्रश्न विचारायलाच हवा, पण विचारायचा तो ‘काम कोण बघतंय’ असा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीचा आकडा) किती, हा नाही. आणि सांगूनही अंदाज थांबतात असं नाही. कार्टर यांच्याकडून १८ फेब्रुवारी २०२३ ला जाहीर झालं की रुग्णालय सोडून घरीच हॉस्पिस सेवा (बरं करण्याऐवजी फक्त त्रास कमी करणारी शेवटची देखभाल) घेणार. अमेरिकेत सहा महिने किंवा त्याहून कमी आयुष्य उरलंय असं डॉक्टर म्हणतात तेव्हा ती सुरू होते. जगभर मृत्युलेख झाडून पुसून ठेवले गेले. ते वयाची शंभरी पूर्ण करून २९ डिसेंबर २०२४ ला गेले. मध्ये त्यांच्या निधनाचं एक खोटं पत्रही फिरून गेलं. आपल्याकडे मनोहर जोशी मे २०२३ मध्ये हिंदुजात दाखल झाले तेव्हा ‘अर्धबेशुद्ध’ म्हणून निवेदन आलं होतं. निधन फेब्रुवारी २०२४ मध्ये, नऊ महिन्यांनी.

नौपाडा_कट्टा

सर्वांचे आभार. सध्या असं ठरवतोय: बातमी आली की ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर, आणि एकच मेसेज, ‘अमुक रुग्णालयाचं निवेदन, अमुक वाजताचं, पुढचं आल्यावर टाकू’. फलकाचं अजून ठरत नाही. नाट्यगृहाजवळच्या फ्लेक्सवाल्याला सकाळी फाईल दिली तरच दुपारी बोर्ड मिळतो, म्हणून मंडळी म्हणतात मजकूर आधीच देऊन ठेवू.

डेस्क_ऐरोली

मजकूर लिहून ठेवा, फ्लेक्सवाल्याकडे देऊ नका. कुटुंब किंवा रुग्णालय यांपैकी एकाने स्वतःच्या नावाने सांगितल्यावरच फाईल पाठवायची. केंद्राने किंवा राज्याने दुखवटा जाहीर केला तर त्याचा आदेश लेखी निघतो, वाजपेयींच्या वेळी सात दिवसांचा होता. बोर्ड दुसऱ्या दिवशी लागला तरी कोणाचं बिघडत नाही. फोटो आणि नाव आत्ता टाकू नका, निधनाची तारीख रिकामी ठेवा, फाईलच्या नावात ‘मसुदा’ लिहा आणि ती कट्ट्याच्या सामायिक ड्राइव्हवर नको, एकाच माणसाच्या पेनड्राइव्हवर ठेवा.