कापडी लंगोट: पावसात घरी आणि पुण्याच्या प्रवासात कसं जमवायचं?

वडगावची सून

नमस्कार. आम्ही बेळगावात वडगावला राहतो. मुलगी पाच महिन्यांची आहे, अजून फक्त अंगावरच पिते. माहेरी होते तोवर आईनं जुने पंचे आणि मऊ झालेल्या सुती साड्या फाडून लंगोट केले होते. तिला एकदाही पुरळ आलं नाही. सासरी आल्यावर खिशाचे कापडी डायपर घेतले. बाहेरून कव्हर, बटणं, आणि आत सारायला जाड पॅड. उन्हाळ्यात सुरेख चाललं. तरणा पाऊस सुरू झाला आणि सगळं बिघडलं. पॅड दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि वाळले तरी बाळानं शू केली की नाकात जाणारा उग्र वास येतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, मधल्या दिवसांत बोअरचं वापरतो. सासूबाई म्हणतात, शेगडीवर बुट्टी (टोपली) पालथी घालून त्यावर वाळव, आम्ही तसंच करायचो. घरात धूर नको वाटतो, पण त्यांना काय सांगू?

दुसरं म्हणजे श्रावणात नणंदेच्या नव्या घराची वास्तुशांत आहे, पुण्याला. आठ-दहा दिवस राहणं होईल. गोवा एक्सप्रेसनं जावं की गाडीनं, ते अजून ठरलेलं नाही. आमचे हे म्हणतात, एवढे दिवस विकतचे वापरू, कशाला त्रास. मला बंद करायचं नाही. कुणी प्रवासात कापडी वापरलेत का? नेमकं काय नेलं, कुठं धुतलं, तेवढं सांगा.

निपाणीचा बाबा

गाडीचं मी सांगतो, कारण आमच्याकडं प्रवासात लंगोट बदलायचं काम माझ्याकडंच असतं. बेळगाव-पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास धरा. रुंदीकरणामुळं कुठं किती वेळ जाईल त्याचा नेम नसतो, म्हणून अंतर बघून थांबू नका, दर दोन तासांनी थांबा. निपाणी, कराड, सातारा ही आमची ठरलेली ठिकाणं. चालत्या गाडीत बदलायला जाऊ नका. बाळ सीटमधून काढलं की पट्टा सुटतो आणि तेवढ्यातच कुणीतरी ब्रेक मारतं. मागची डिकी उघडायची, रबरी शीट टाकायची, त्यावर दुपटं, दोन मिनिटांत काम होतं. पाऊस असेल तर मागच्या सीटवर. बाळ सीटमध्ये बराच वेळ बसतं तेव्हा मांडीच्या घडीत कव्हर दाबलं जातं आणि ओल बाहेर येते, त्यामुळं निघताना आत एक पट्टी जास्त घाला.

मलप्रभाकाठची वैनी

अगं, तुझ्या आईचं बरोबर आहे, हे आधी सांगते. पावसाळ्यात जाड पॅड सोड आणि परत चौकोनी लंगोटावर ये.

मी खानापूर तालुक्यात कणकुंबीकडं, मलप्रभेकाठच्या गावात राहते. दोन्ही पोरं कापडावर वाढवली. इकडचा पाऊस तुला सांगायला नको. जूनमध्ये गेलेलं ऊन गणपती होऊन गेल्यावरच धड दिसतं. आणि आमच्या गावात कचऱ्याची गाडी येत नाही. मग वापरलेला विकतचा डायपर टाकायचा कुठं? कोण ओढ्यात टाकतं, कोण परड्यात जाळतं. बाहेरून प्लॅस्टिक, आत पाणी शोषून फुगणारी पॉलिमरची पूड, ते कुजतही नाही आणि धड जळतही नाही. नदी आमच्याकडं नुकती उगवलेली असते, ओढ्याएवढीच. तिथूनच तिच्यात असलं काही सोडायचं हे मला सोसत नाही. म्हणून मी हट्टानं कापड धरलं, आणि म्हणूनच एवढं लांबलचक लिहिते आहे.

आता वाळण्याचं. सगळा खेळ पदरांचा आहे. तुझ्या पॅडात कापडाचे चार-पाच पदर एकत्र शिवलेले असतात. वरून हाताला कोरडं लागतं, खरं मधल्या पदरात ओल तशीच असते. एकपदरी चौकोन दोरीवर पसरला की वारा दोन्ही अंगांनी लागतो. पडवीत रात्री घातलेला सकाळी काढायला येतो. वापरताना त्याच्याच घड्या घालायच्या. अंगाला जाड, दोरीवर पातळ, पावसाळ्यात हेच पाहिजे.

मलमल घे, छत्तीस इंच पन्ह्याची. पन्हा जेवढा तेवढीच लांबी फाडून घेतलीस की बरोबर चौकोन होतो, एका लंगोटाला एक वार. चौकोन एकदा दुमड, पुन्हा दुमड, अठरा इंचांचा होतो. त्याच्या उभ्या तीन घड्या कर. बारा पदर झाले, सहा इंच रुंद. लांबी जास्त वाटली तर एक टोक आत घे. मुलगी आहे तर ती जाडी मध्याकडं येऊ दे, मुलाला पुढच्या बाजूला लागते. ही घडी तुझ्या आत्ताच्या डायपरच्या खिशात पॅडच्या जागी सार. ते डायपर टाकून द्यायची काही गरज नाही. वर आतून अस्तर नसलेली नुसती कव्हरं चार-पाच घे. शू असेल तर ओल्या फडक्यानं पुसायचं, वाऱ्यावर ठेवायचं, तोवर दुसरं लावायचं. शी लागली तरच धुवायला.

नवी मलमल आणलीस की लगेच लावू नको. सुरुवातीला ती पाणी पितच नाही, वरून ओघळून जातं. कापसातला नैसर्गिक तेलकटपणा आणि कापडाची कांजी जायला चार-पाच वेळा गरम पाण्यात धुवावी लागते. मांजरपाट असेल तर उकळच. जुन्या पंचाला हे काही लागत नाही, तो आधीच धुऊन धुऊन तयार असतो. मिळतील तेवढे पंचे घरातनं गोळा कर.

वासाचं कारण बहुतेक धुण्याची पावडर कमी पडते हे असेल. बाळाचं कापड म्हणून आपण चिमूटभर घालतो. मग शू कापडातच राहते, जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, आणि कापड पुन्हा भिजलं की तो वास उठतो. बोअरचं पाणी जड असेल तर आणखी वाईट, साबणाला फेस येत नाही आणि क्षार पदरांत बसतात. तू नळाचं पाणी लंगोटांसाठी राखून ठेव आणि बोअरचं फरशीला, संडासाला वापर. लंगोट काढला की लगेच साध्या पाण्यातून पिळायचा. दिवसभराचे सगळे एकदा थंड पाण्यात खळबळून घे, मग पुरेशी पावडर घालून गरम पाण्यात धू, मग दोन स्वच्छ पाण्यांतून काढ. शेवटच्या पाण्याला फेस दिसला तर आणखी एकदा. सुवासिक कंडिशनर घालू नको, त्याचा थर बसतो आणि कापड ओल धरत नाही. कुणी रिठा सांगेल. रेशमाला, लोकरीला रिठा चांगला, खरं शू-शीला पावडरच पाहिजे. कव्हरं मात्र उकळत्या पाण्यात टाकू नको आणि त्यांना इस्त्रीही लावू नको, आतला पातळ थर सुटतो आणि मग गळतात.

ऊन पडलं, अर्धा तास का असेना, की सगळं सोडून लंगोट बाहेर घाल. आईचं दूध पिणाऱ्या बाळाच्या शीचे पिवळे डाग ओल्या कापडावर ऊन पडलं की आपोआप फिकट होतात, घासत बसावं लागत नाही. आणि दिवेलागणीच्या आत कपडे घरात घ्यायला सासूबाई सांगत असतील तर ऐक, रात्रीच्या दवानं वाळलेलं पुन्हा दमट होतं.

कँपातली सिस्टर

लहान मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून शेगडीचं आणि पुरळाचं सांगते.

दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत निखारे नकोत म्हणजे नकोतच. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत तर अजिबात नको. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर शेगडी पडवीत ठेवा, बाळ आत, मधलं दार बंद, आणि कुणीतरी मोठं माणूस तिथं बसलेलं. तरी माझा सल्ला इस्त्रीचा. सुती लंगोटातला शेवटचा दमटपणा गरम इस्त्रीनं दोन मिनिटांत जातो.

पुरळ आलंच तर नीट बघा. जिथं ओलं कापड टेकतं तिथंच लाली असेल आणि जांघेच्या घड्या स्वच्छ असतील तर बहुतेक ओलीनं आलेलं असतं. लवकर लवकर बदला, दिवसातून थोडा वेळ उघडं ठेवा. लाली घडीत शिरली, गडद झाली आणि भोवती बारीक ठिपके दिसले तर बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा, घरचं काही लावू नका. मलम लावाल तेव्हा मध्ये मऊ कापडाची पट्टी ठेवा, नाहीतर तेलकटपणा लंगोटात उतरतो. टाल्कम पावडर नको, ती बाळाच्या श्वासात जाते. लंगोट जंतुनाशक द्रवात बुडवून ठेवायचीही गरज नाही, त्यानं उलट कातडी चुरचुरते.

कापडाचा एक फायदा कुणी बोलत नाही. शू किती वेळा झाली ते कळतं. या वयात चोवीस तासांत सहापेक्षा कमी लंगोट भिजले आणि बाळ मलूल वाटलं तर थांबू नका, दाखवा. प्रवासात हे जास्त लक्षात ठेवा, कारण गडबडीत अंगावर पाजणं कमी होतं.

वडगावची सून

वैनी, सिस्टर, मनापासून आभार. इस्त्रीचं सासूबाईंना लगेच पटलं. त्यांनीच ट्रंकेतून मामंजींचे जुने पंचे काढून दिले. आता एवढंच सांगा: गाडीचं रद्द झालं, गोवा एक्सप्रेसनंच जायचंय. ट्रेनमध्ये ओले लंगोट कुठं ठेवू? आणि नणंदेचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, नवा कोरा, तिथं कुठं धुऊ? मला संकोच वाटतो.

मलप्रभाकाठची वैनी

ट्रेनला खालचा बर्थ खिडकीकडचा मिळाला तर बघ. पायाच्या बाजूला रबरी शीट घालून तिथंच बदलता येतं, न्हाणीत जायला नको, गाडी हलत असते आणि खाली ओलं असतं. बर्थला साडीची झोळी बांधणार असशील तर झोळीत बाळ असताना एक दुपटं खाली जास्त घाल.

दर दोन तासांना एक, आणि वर तीन-चार जास्त, एवढे चौकोन घे. घड्या घरीच घालून, कव्हरात सारून तयार ठेव, म्हणजे एका हाताने बाळ धरलं तरी दुसऱ्यानं काम होतं. दोन चेनच्या पाण्यानं न भिजणाऱ्या पिशव्या लागतात. एकीत कोरडे, एकीत वापरलेले. शू झालेला तसाच गुंडाळून पिशवीत. शी झाली तर कोरड्या कागदानं जमेल तेवढी काढून कागद वेगळ्या पिशवीत बांध. संडासात कापड, कागद काहीच टाकू नको. आता डब्यांना बायो-टॉयलेट असतात, ती तुंबतात आणि सगळ्या डब्याला त्रास. शी नेहमी कधी होते ते तुला माहीत असेलच, निघायच्या आधी ती वेळ गाठता आली तर अर्धं ओझं कमी होतं. ओल्या पिशवीची चेन पोचल्या पोचल्या उघड. दुसऱ्या दिवसापर्यंत बंद राहिली तर कापडावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते निघत नाहीत.

नणंदेकडं जायच्या आधी तिला फोन करून सरळ सांग की बाळाला कापडी लंगोट आहेत, मला एक बादली लागेल आणि गॅलरीत एक दोरी. आयत्या वेळी पाहुण्यांच्या गर्दीत मागायला गेलीस तर तुलाही अवघड आणि तिलाही. आपली घडीची रबरी बादली, दोरी आणि चिमटे न्यायचे, म्हणजे तिच्या स्वयंपाकाच्या किंवा अंघोळीच्या बादलीला हात लावावा लागत नाही. तिच्या मशिनमध्ये टाकायचे तर आधी हातानं खळबळून, शी पूर्ण काढून मगच, आणि तिला विचारून. पुण्यात आपल्यापेक्षा पाऊस कमी, मलमल गॅलरीत पंख्याच्या वाऱ्यावरही वाळते. कव्हर एखादं ओलं राहिलं तरी अडत नाही, म्हणून कव्हरं जास्त ने.

वास्तुशांतीच्या दिवशी मात्र विकतचे दोन-चार जवळ ठेव. दिवसभर पूजा, जेवणाच्या पंगती, बाळ या हातातून त्या हातात फिरणार, तुला धुवायला वेळ मिळणार नाही. त्या एका दिवसासाठी स्वतःला छळू नको. फक्त वापरलेले कागदात गुंडाळून वेगळे दे. ओल्या कचऱ्यात मिसळू नको. सोसायटीत कुठं ठेवतात ते नणंदेला विचार.

आणि मलमलीसाठी खडेबाजारात जाशील तेव्हा ताग्यातून वीस वार एकदम फाडून घे, सुटं सुटं घेऊ नको. घरी एका तुकड्यावर चार थेंब पाणी टाकून बघ. थेंब वरच राहिला तर अजून एक गरम धुणं लागेल, लगेच मुरला तर बाळाला लावायला घे. श्रावणाला वेळ आहे, या आठवड्यात आणलीस तर निघायच्या आत सगळे तयार होतील.