मृतदेहातला निळा रंग जिवंत छातीबद्दल किती सांगतो?

भूलतज्ज्ञ_सातारा: २०१६ मध्ये फोरेरो आणि सहकाऱ्यांनी इरेक्टर स्पायनी ब्लॉक मांडला, म्हणजे छातीचं दुखणं थांबवायला पाठीत बधिर करणारं औषध सोडण्याची एक पद्धत. सोनोग्राफीत बघत पाठीच्या स्नायूखाली, मणक्याच्या आडव्या हाडाच्या टोकावर सुई टेकवायची आणि औषध सोडायचं. फुप्फुसाचं आवरण लांब राहतं, म्हणून पॅराव्हर्टेब्रलपेक्षा (मणक्याशेजारी, नसा बाहेर पडतात त्या जागेत थेट औषध सोडण्याच्या ब्लॉकपेक्षा) हा निर्धास्त. प्रश्न एवढाच, की औषध पुढे नसांच्या मुळापर्यंत जातं का? २०१८ मध्ये इव्हानुसिक यांच्या गटाने मृतदेहांत २० मिली रंग सोडला, तो पॅराव्हर्टेब्रल जागेत गेलाच नाही. त्याच वर्षी संजीब अधिकारी यांच्या गटाला मात्र ताज्या मृतदेहांत सोडलेला कॉन्ट्रास्ट (एमआरआयवर उठून दिसणारं द्रव्य) मणक्यांमधल्या छिद्रांत आणि एपिड्युरल जागेत, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत, दिसला. माझं मत: यावरून जिवंत रुग्णाबद्दल निकाल देणं चूक आहे. मृतदेहाची छाती हलत नाही, स्नायूंत ताण नाही, रक्त वाहत नाही.

अ‍ॅनाटॉमी_मॅडम: डॉक्टर, हा युक्तिवाद फार सोयीचा आहे. रंग पोहोचला नाही तर ‘मृतदेह होता’, पोहोचला तर ‘बघा, पोहोचतो’. श्वासाच्या दाबाने औषध पुढे ओढलं जातं, हे आधी मोजून दाखवा. दुखणं कमी झालं म्हणून औषध नसेपर्यंत गेलं, असंही ठरत नाही. रक्तात शोषलं गेलेलं औषधही वेदना थोडी उतरवतं. तुमच्या रुग्णांच्या छातीवर पुढून बर्फ लावून बधिरता पाहता का?

तालुक्याचा_भूलवाला: मॅडम, आमच्याकडे फासळ्या मोडलेले आजोबा येतात, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात. त्यांना पॅराव्हर्टेब्रल द्यायला हात धजत नाही. हा ब्लॉक दिल्यावर ते खोल श्वास घेतात, खोकून कफ काढतात. मला तेवढं पुरतं.

अ‍ॅनाटॉमी_मॅडम: तुम्हाला पुरतं, ठीक. मग तो ‘सौम्य पॅराव्हर्टेब्रल’ म्हणून शिकवू नका. स्तनाच्या शस्त्रक्रियेत यावरच भिस्त ठेवली आणि पुढची त्वचा बधिर झालीच नाही, तर सोसायचं त्या बाईला.

भूलतज्ज्ञ_सातारा: बर्फाचा मुद्दा मान्य, आणि तोच मोठा आहे. आम्ही पाहतो, पाठ बहुधा बधिर होते, पुढची छाती कधी होते, कधी नाही. पण म्हणूनच अभ्यास जिवंत माणसात हवा. त्याच रुग्णात औषधासोबत कॉन्ट्रास्ट द्या, एमआरआय काढा, आणि अर्ध्या तासाने पुढून, बाजूने, मागून थंड स्पर्श तपासून नकाशा काढा. दोन्ही जुळले तरच बोलू. नुसता कॉन्ट्रास्ट दिसणंही पुरावा नाही: तिथे पोहोचलेलं औषध नस बधिर करण्याइतकं दाट असेलच असं नाही.

तालुक्याचा_भूलवाला: एमआरआय आमच्याकडे नाही. बर्फ आहे. आजपासून तेवढं लिहून ठेवतो.

अ‍ॅनाटॉमी_मॅडम: लिहा, आणि ज्यांना बधिरता आलीच नाही त्यांचीही नोंद ठेवा. मृतदेहावरचं काम मात्र मी थांबवणार नाही. सुईचं टोक कुठल्या पडद्याच्या अलीकडे होतं, हे चिरून पाहिल्याशिवाय तुमच्या नकाशातले फरक उलगडणार नाहीत.