अळीची खरंच कुंभारीण होते का?

उंबरठा: दत्तजयंतीला मुलांना अवधूताने निसर्गात पाहिलेले चोवीस गुरू सांगायचे आहेत, त्यांतले फक्त किडे. गाडी कुंभारणीपाशी, म्हणजे मातीचं घरटं करणाऱ्या माशीपाशी अडली. ती अळीला मातीत कोंडते, अळी भीतीने तिचंच ध्यान करते आणि कुंभारीण होऊन बाहेर पडते, असं आपण ऐकत आलो. आठवीतली पोरं हे ऐकून घेणार नाहीत. गाळू का? आणि प्रत्यक्ष दाखवण्यासारखं काही आहे का?

गेरूमाती: आधी घरट्यात काय घडतं ते. बारीक कमरेची काळी-पिवळी कुंभारीण आत कोळी भरते; सुगडासारखं छोटं घर करणारी अळ्या भरते. दोघीही भक्ष्याला नांगी मारून लुळं करतात, जीव घेत नाहीत, म्हणजे पिल्लाला ताजं मिळतं. एका खोलीत अंडं एकच, कोळी मात्र डझनभरही निघतात. तोंड लिंपलं की आईचं काम संपलं. अंड्यातून निघालेली तिची अळी तो साठा फस्त करते, कोश विणते आणि माती कुरतडून बाहेर येते. कोंडलेली अळी कुंभारीण होत नाही, खाल्ली जाते. बाहेरून बघणाऱ्याला आत गेलेली अळी आणि बाहेर आलेली कुंभारीण एवढंच दिसतं, घोळ तिथला.

दाखवायला भोक पडलेलं जुनं घरटंच घ्या. बिनभोकाचं फोडलंत तर आतला जीव जाईल. भोकातून टॉर्च मारून बघा, कधी दुसऱ्याच कुणी बिऱ्हाड केलेलं असतं. मग सुरीचं पातं भिंतीलगत सरकवून सुटं करा. मागच्या बाजूने खोल्या दिसतात, त्यांत तपकिरी कागदासारखा कोश आणि कोळ्यांचे वाळके पाय.

पोथीवाला: गाळू नका. भागवताच्या अकराव्या स्कंधात हे गुरू ७ ते ९ अध्यायांत आहेत. संत एकनाथांची १५७३ साली काशीत पुरी झालेली टीका याच स्कंधावर. नवव्या अध्यायातला २३वा श्लोक म्हणतो, किडा जुनं शरीर न टाकताच कुंभारणीसारखा होतो. तेव्हा 'ते रूपकच होतं' अशी सारवासारव नको, तेव्हा तसंच समजत. मुद्दा आदल्या श्लोकात आहे: स्नेहाने, द्वेषाने किंवा भयाने, मन जिथे पुरतं लावाल त्याचं रूप घ्याल. द्वेष आणि भय मुद्दाम मोजलेत, तिथे थांबा. ज्याच्यावर दिवसभर धुसफुसतो त्याच्यासारखे आपण बोलायला लागतो, हे आठवीच्या पोराला लगेच कळतं. दृष्टांत एकदेशी असतो, एकाच बाजूपुरता लागू. चंद्रमुखीच्या गालावर कुणी डाग शोधत नाही.

जाळीदार: त्यापेक्षा कोळी दाखवा. २१व्या श्लोकात तो तोंडातून तंतू काढतो आणि पुन्हा गिळतो. पहिलं चूक, तंतू पोटाच्या टोकाकडून निघतो. गिळणं मात्र खरं: चाकासारखं जाळं विणणारे बागेतले बरेच कोळी जुनं जाळं खाऊन त्याच मालातून नवं विणतात. घरातल्या जळमटांत हे दिसणार नाही.

दिवेलागणीनंतर कुंपणापाशी जा, टॉर्चला लाल जिलेटीन लावा. आधी आरे, मग मधून बाहेर विरळ कोरडा वळसा, शेवटी बाहेरून आत चिकट वळसा, आणि तो विणता विणता कोरडा काढत जातो. अर्धा-पाऊण तास धरा. पोरांनी फुंकर मारली की काम सोडून बसतो, हे आधीच बजावा.

उंबरठा: मग २२वा श्लोक आधी, घरटं नंतर. कोळ्यासाठी पालकांना सातला बोलावते.