स्पितीला जाताना स्टेपनी न्यायची की पंक्चर किटवर भागेल?

कडबोळं

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून गाडीने हिमाचलातलं स्पिती करायचं ठरलंय. जाताना शिमला, किन्नौर, नाको, ताबो, काझा आणि येताना कुंझुम खिंडीवरून मनाली, जमलं तर मध्ये चंद्रताल सरोवर. आम्ही दोघं, आई आणि मुलगी, ती नऊ वर्षांची आहे. गाडी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, फोर बाय फोर नाही, १७ इंची अलॉय.

आता घोळ असा की गाडीला स्टेपनीच आलेली नाहीये. डिकीच्या फळीखाली छोटा कंप्रेसर आणि सीलंटची बाटली, संपलं. घेताना सेल्समन म्हणाला आता नियमच तसा आहे साहेब, टायरप्रेशर स्क्रीनवर दिसतं, ट्यूबलेस आहे, स्टेपनी लागते कुणाला, आणि पुण्यात खरंच कधी लागली नाही म्हणून मीही विषय सोडून दिला होता. आता वेगळा रिम आणि टायर घ्यायचा म्हणजे खर्च आहेच पण त्याहून मोठा प्रश्न जागेचा, अर्धी डिकी त्यातच जाणार आणि आईचं सामान तुम्हाला माहीत नाही. साडू म्हणतो काही गरज नाही, तो बुलेटवर लडाख करून आलाय त्यामुळे घरात त्याचं वजन जास्त. तर प्रश्न सरळ आहे, स्टेपनी न्यावी का? की किट आणि भोकात भरायच्या दोनचार जास्तीच्या पंक्चरच्या पट्ट्या पुरतील?

खडीफोड्या

न्या. चर्चाच नको.

आता कारण सांगतो नाहीतर म्हणाल उगाच दम देतो. तुमचं किट पंक्चरसाठी आहे. पंक्चर म्हणजे खिळा, स्क्रू, काटा, टायरच्या जमिनीला लागणाऱ्या भागात चार-पाच मिलीमीटरचं भोक. त्याला पट्टी मारा नाहीतर सीलंट सोडा, दोन्ही चालतं. पण तिकडच्या रस्त्यावर टायर पंक्चर होऊन जात नाही, कडेने चिरून जातो. साइडवॉलमध्ये, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीत, स्टीलचे पट्टे नसतात, नुसतं कापड आणि रबर, आणि तो भाग चाक फिरताना सतत वाकत असतो, म्हणून तिथे पट्टी धरत नाही, सीलंट तर पिचकारीसारखं बाहेर येतं. दोन इंचाची चीर पडली की तुमचा कंप्रेसर रात्रभर चालवा, टायर आहे तिथेच.

आणि लोकांना वाटतं नदीतले गोटे टायर फाडतात. कुंझुमहून मनालीकडे येताना छत्रू-बातलच्या पट्ट्यात मोठे गोटे आहेत खरे पण ते गोल असतात, तिथे भीती गाडीचं पोट आपटायची आणि अलॉय वाकायची. टायर चिरतो तो सुरुंग लावून फोडलेल्या ताज्या दगडाने, म्हणजे जिथे बीआरओचं (सीमा रस्ते संघटनेचं) रुंदीकरण चालू आहे तिथे, आणि जिथे सकाळीच दरड पडून जेसीबीने कडेला सारली आहे तिथे. समोरून ट्रक आला की तुम्ही गाडी कडेला घेणार आणि धारदार माल सगळा कडेलाच पडलेला असतो. नाकोच्या पुढे मलिंगच्या आसपास हे हमखास.

निवांत_हॅचबॅक

मी जरा उलट बोलतो. मी साध्या हॅचबॅकने दोन्ही बाजूंनी स्पिती केलंय, स्टेपनी होती पण बाहेर काढायची वेळ आली नाही. काझात पंक्चर काढणारे आहेत, रेकाँगपिओला आहेत, खाली रामपूरपासून तर काळजीच नाही. रस्त्यात अडकलात तर तिकडचे लोक थांबतात, आपल्याकडच्यासारखं काच खाली न करता निघून जात नाहीत. त्यामुळे सगळा खर्च स्टेपनीवर घालण्यापेक्षा आधी चार टायर कसे आहेत ते बघा. नक्षी झिजलेली असेल तर चार नवीन टायर हा जास्त चांगला खर्च. गाडी चार माणसं आणि सामानाने खचाखच भरून वर अजून वीस किलो टाकायचं, आणि ग्राउंड क्लिअरन्स नाही म्हणून रडायचं, हे मला पटत नाही.

शिवाय तासाला वीसच्या वेगाने चालवलं तर टायर सहसा फाटत नाही. फाडणारे बहुतेक जण हॉटेलची वेळ गाठायला पळत असतात.

खडीफोड्या

@निवांत_हॅचबॅक वेगाबद्दल शंभर टक्के मान्य. पण "स्टेपनी होती पण लागली नाही" हा स्टेपनी नको म्हणायचा पुरावा कसा होतो राव :) तुमच्याकडे होती. लोक थांबतात हेही खरं, पण थांबून करणार काय? त्यांची स्टेपनी तुमच्या गाडीला बसत नाही. मग चाक काढायचं, टॅक्सीत टाकून काझाला न्यायचं, तिथे तुमच्या मापाचा टायर मिळाला तर मिळाला, आणि १७ इंची लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या भिंतीचा, असेल तर तो मिळेल यावर मी पैज लावणार नाही. तोवर आई आणि मुलगी गाडीत चार हजार मीटरवर बसून. एकटा बाइकवाला असता तर मीही म्हटलं असतं जाऊ दे.

वेडीबाभूळ

आमचा अनुभव कच्छच्या रणाकडचा आणि इकडे सोलापूर-सांगोल्याच्या माळावरचा, त्यामुळे काट्यांचा :) वेडी बाभूळ टायरला काय करते ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल, एका टायरमध्ये चार चार काटे आणि हवा अशी हळू जाते की सकाळी उठल्यावर समजतं. तिथे मात्र किटच राजा. चांगला कंप्रेसर, पट्ट्या, पोकर, पक्कड एवढ्यावर आम्ही पूर्ण सुट्टी काढलीय आणि स्टेपनी दारावर टांगलेलीच राहिली. म्हणजे कुठे जाताय त्यावर आहे. काटे आणि वाळू असेल तर किट, दगड असेल तर स्टेपनी.

अजून एक, यूट्यूबवर बघून हवा उतरवायला जाऊ नका. वाळूत आम्ही १८ पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) खाली येतो कारण टायर पसरला पाहिजे. दगडात हवा कमी केली की साइडवॉल बाहेर फुगते आणि नेमकी तीच दगडाला भिडते, वर तुमच्यासारख्या बुटक्या टायरमध्ये खड्डा लागला की रबर रिम आणि दगडात चेमटतं. कंपनीच्या आकड्याच्या दोन-तीन खाली ठीक, त्याहून नको.

कडबोळं

सगळ्यांचे आभार. हवेवरून आठवलं, उंचीवर टायरमधली हवा वाढते म्हणतात, साडू म्हणतो पुण्यात २८ च भर, वर गेल्यावर आपोआप ३३ होते. खरं आहे का? आणि स्टेपनी नसलेली गाडी कायदेशीर आहे ना, हिमाचलात कुणी पावती फाडणार नाही ना?

गेजमास्तर

साडूंचं अर्धं बरोबर आहे. गेज नेहमी बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. पुण्यात बाहेरचा दाब साधारण पावणेचौदा पीएसआय, कुंझुमसारख्या साडेचार हजार मीटरच्या ठिकाणी साडेआठच्या आत. म्हणजे टायरमधली हवा तेवढीच राहिली तरी गेज पाचेक पीएसआय जास्त दाखवणार. पण वर थंडी असते, आणि तापमान दहा अंशांनी उतरलं की दीडेक पीएसआय कमी होतात. पुण्यात तीस अंशात भरलेला टायर चंद्रतालच्या पहाटे शून्यात आला की चारसाडेचार तिथे गेले. दोन्ही मिळून जवळपास फिट्टंफाट. त्यामुळे पुण्यात मुद्दाम कमी भरून एक्स्प्रेसवेवर जाणं हा शुद्ध वेडेपणा, कमी हवेचा टायर हायवेच्या वेगात तापतो आणि तिथेच फुटतो. कंपनीने सांगितलंय तेवढीच भरा, काझात मुक्कामाला सकाळी गाडी हलवायच्या आधी थंड टायर तपासा, तेव्हा जो आकडा येईल तो नीट करा.

कायद्याची काळजी करू नका. जुलै २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले, १ ऑक्टोबर २०२० पासून ट्यूबलेस टायर, प्रेशर दाखवणारी यंत्रणा आणि रिपेअर किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी सक्तीची नाही. नियमाला नाही लागत, दगडाला लागते.

जॅकपॉट_ताई

सगळे टायरवर बोलताय, जॅकबद्दल कुणी काहीच नाही! कडबोळं, तुमच्या गाडीत जॅक आहे का ते आधी बघा. ज्या गाड्यांना स्टेपनी देत नाहीत त्यातल्या बऱ्याच गाड्यांना जॅक आणि पानाही देत नाहीत. स्टेपनी घेऊन जाल आणि चाक उचलायला काही नाही.

आणि असला तरी पाना आखूड असतो, टायरच्या दुकानात नट हवेच्या गनने कचकून आवळलेले असतात, ते त्या आखूड पान्याने सुटत नाहीत. आमच्या ग्रुपमधल्या एकांचे लोसरच्या अलीकडे अजिबात सुटेनात, शेवटी ट्रकवाल्याने पाईप घालून सोडवले. एक लांब दांड्याचा पाना घ्या, निघायच्या आधी चारही चाकांचे नट सोडून स्वतःच्या हाताने परत आवळा. जाड फळीचा एक तुकडा ठेवा, मातीत आणि खडीत जॅक रुततो. चाक काढायच्या आधी बाकीच्या चाकांना दगड लावा, सगळ्यांना खाली उतरवा, आणि उताराला शक्यतो नकोच, टायर गेला तर गेला, हळूहळू शंभर मीटर सपाटीपर्यंत न्या. फाटलेल्या टायरसाठी रिमला धोका परवडतो, जॅकवरून गाडी घसरणं परवडत नाही.

कडबोळं

ताई, आत्ता खाली जाऊन बघून आलो. जॅक नाही. पाना पण नाही. टोइंग हुक आहे फक्त :(

म्हणजे घ्यायचंच दिसतंय सगळं. आता रिमचं सांगा, अलॉय महाग पडतोय, नाना पेठेत वापरलेला स्टीलचा रिम मिळेल म्हणतात. १६ इंची चालेल का?

खडीफोड्या

स्टीलचाच घ्या, वाकला तरी घणाने सरळ होतो, अलॉय तडकतो. पण नुसते पाच होल जुळले म्हणून घेऊ नका. पीसीडी (नटांच्या होलांच्या वर्तुळाचा व्यास), मधलं बोअर (मधलं भोक) आणि ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं) तिन्ही तुमच्या गाडीचं पाहिजे. तुमच्याच मॉडेलच्या बेस व्हेरियंटला स्टील रिम येत असेल तर डोळे मिटून तो. १६ इंची कधी कधी पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला घासतो, म्हणून गाडी दुकानाशी नेऊन पुढच्या चाकाला प्रत्यक्ष बसवून हाताने फिरवून बघा. टायर असा निवडा की बाहेरचा पूर्ण व्यास तुमच्या चाकाएवढा येईल, रिम लहान तर टायरची भिंत उंच. एकाच एक्सलवर लहानमोठी चाकं असली की डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, सतत काम करत राहतं. बारीक स्पेससेव्हर (तात्पुरती अरुंद स्टेपनी) कुणी स्वस्तात देईल, त्याला ताशी ८० ची मर्यादा असते आणि खडीत तो दुसरा फाटायचा टायर, घेऊ नका.

नट बघा. बऱ्याच गाड्यांत अलॉयचे नट स्टीलच्या रिमला नीट बसत नाहीत, बसण्याचा आकार वेगळा असतो. लागले तर पाच वेगळे नट पिशवीत घालून स्टेपनीलाच बांधून ठेवा. आणि टायर जुना घेतलात तर साइडवॉलवर डॉट लिहिलेलं असतं त्याच्या शेवटचे चार आकडे वाचा, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. दुकानदार नक्षी दाखवेल, तुम्ही आकडा बघा.

निवांत_हॅचबॅक

जॅकसुद्धा नाही हे वाचल्यावर मी माझं मत अर्धं मागे घेतो. अर्धंच. टायर चांगले घ्या हे कायम.

फक्त ते चाक डिकीत सुटं टाकू नका, वीस किलोचा ऐवज आहे आणि पुढे आई बसलेली. आडवं ठेवा, रॅचेटच्या पट्ट्याने डिकीतल्या हुकांना आवळा. टपावर नको, आधीच उंच गाडी, वळणावर डुलते. सामान टपावर, चाक आत.

वेडीबाभूळ

आणि चंद्रतालचं आत्ताच ठरवून ठेवा. किन्नौरकडून काझाला येईपर्यंत स्टेपनी लागली आणि काझात तुमच्या मापाचा टायर मिळाला नाही, तर बातलच्या फाट्यावरून आत वळायचं नाही. कुंझुमही नाही, आलात त्याच रस्त्याने किन्नौरकडून खाली. तो रस्ता लांब पडतो पण डांबर जास्त आहे, वस्ती आहे. आणि फाटला नाही तर कुंझुम सकाळी लवकर ओलांडा, दुपारनंतर बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढतं आणि पाण्याखालचा दगड दिसत नाही.

कडबोळं

रिमसाठी शनिवारी नाना पेठ. लांब पाना आणि जॅक आजच मागवला. साडूला हा धागा पाठवलाय, त्याने वाचून फक्त अंगठा दाखवलाय, वर का खाली ते कळेना. चंद्रताल रद्द होऊ शकतं हे मात्र मुलीला सांगायला तुमच्यापैकी कुणीतरी घरी या, तिने शाळेत आधीच सगळ्यांना सांगून ठेवलंय.

जॅकपॉट_ताई

तिला फळी आणि दगड लावायचं खातं द्या, मग ती तुम्हालाच सांगेल जायचं का नाही ते. आणि जॅक आला की सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा चाक काढून घालून बघा, त्या गाडीला जॅक नेमका कुठे लावायचा ते मॅन्युअलमध्ये असतं, नाहीतर दाराखालचा पत्रा चेपून बसाल.