टॉर्च तपासणीत हर्पिस आयजीएम पॉझिटिव्ह, काय समजायचं? (मदत हवी आहे)

ड्युआयडीने (दुसऱ्या, खोट्या नावाने) लिहितेय, समजून घ्या. सहा आठवड्यांपूर्वी नवव्या आठवड्यात गर्भ गेला, पिशवी साफ करावी लागली. नंतर डॉक्टरांनी टॉर्च (गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी) करायला सांगितलं. त्यात 'एचएसव्ही १+२ आयजीएम' (हर्पिसच्या विषाणूच्या दोन्ही टाइपविरुद्ध आधी येणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी) १.३२, पॉझिटिव्ह. आयजीजी (नंतर येऊन टिकणारी प्रतिपिंडं) ०.४, निगेटिव्ह. रिपोर्ट नवऱ्याच्या फोनवर आला आणि त्याने गूगल केलं, तर हर्पिस लैंगिक संबंधातून पसरतो असं आलं. तेव्हापासून बोलतो, पण माझ्याकडे बघत नाही. सासूबाईंनी हर्पिस म्हणजे 'नागीण' असं ऐकलं, त्या उतारा करायला निघाल्यात. मला आजवर कधी फोड नाही, जळजळ नाही. डॉक्टर पाच दिवस असायक्लोविर (हर्पिसवरची गोळी) घे म्हणालेत. घेऊ का? आणि गर्भ यानेच गेला का?

तिरफळ: आधी सासूबाईंना सांगा, नागीण वेगळी. ती कांजण्यांच्या विषाणूची. उतारा नको.

लॅबकाकू: वीस वर्षं रक्तं तपासतेय, म्हणून थोडं लांबड लावते. तो आयजीएम विसरा. कांजण्यांचा विषाणू याच घराण्यातला, त्याच्या प्रतिपिंडांनीही ही चाचणी फसते. जुनं दुखणं उसळलं तरी आयजीएम वाढतं, त्यामुळे नवं की जुनं तेही कळत नाही. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी तर ही चाचणी करूच नका म्हणते. त्यावरून नवरा-बायकोत संशय म्हणजे कमालच!

'१+२' एकत्र हा दुसरा घोळ. टाइप १ बहुतेकांना लहानपणीच पाप्यांमधून मिळतो. डब्ल्यूएचओच्या अंदाजाने पन्नाशीच्या आतल्या ६४ टक्के लोकांत तो आहे. म्हणून आयजीजी करायचं तर दोन्ही टाइपचं वेगवेगळं. तुमचा संसर्ग खरंच नवा असेल, तर रक्त दिल्यापासून १२ आठवड्यांत आयजीजी बहुधा वर येईल. म्हणून १२ आठवडे झाले की एकदाच करा. टाइप २ चा आकडा १.१ ते ३ च्या मध्ये आला तर लगेच रडू नका, तिथे खोटे पॉझिटिव्ह बरेच निघतात, दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी लागते. नवऱ्याला करायची असेल तर त्यानेही हीच करावी. कधी फोड आलाच तर ओला असताना, पहिल्या एक-दोन दिवसांत स्वॅब घेऊन पीसीआर (थेट विषाणू शोधणारी चाचणी). खपली धरल्यावर निगेटिव्ह आला तर त्याला अर्थ नाही.

फोडच नाहीत तर गोळी कशावर? तरी डॉक्टरांना विचारूनच ठरवा. गर्भ यानेच गेला का म्हणाल, तर लवकर जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष असतो. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने, आरसीओजीने, वारंवार गर्भपातासाठीही टॉर्च बंद करा असं सांगून ठेवलंय. बाळाला मोठा धोका असतो तो आईला शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदा जननेंद्रियांचा हर्पिस झाला तर.

धागाकर्ती: काकू, हे सगळं नवऱ्याला वाचायला दिलं. दोनदा वाचलं, म्हणाला 'माझंही रक्त देतो.' लॅबमध्ये काय नावाने मागू?

लॅबकाकू: डॉक्टरांकडून 'एचएसव्ही टाइप स्पेसिफिक आयजीजी, १ आणि २ वेगळे' असं चिठ्ठीवर लिहून घ्या. काउंटरवर नुसतं 'हर्पिसची टेस्ट' म्हणालात तर परत आयजीएमच काढून देतील.