उरलेला भात : निववणं, ठेवणं आणि परत गरम करणं (अनुभव धागा)

संत्रानगरी_स्वयंपाक (धागाकर्ती)

नागपुरात मार्च लागला की रात्रीचा भात सकाळपर्यंत ओट्यावर टिकत नाही. तरी सकाळचा फोडणीचा भात कोणाच्या घरी बंद झालेला नाही, आणि होऊही नये. म्हणून हा धागा. घरचं, मेसचं, केटरिंगचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांनी आणि या विषयाचा अभ्यास असणाऱ्यांनी आपापली पद्धत लिहावी. विनंती एकच : आठवणी नकोत, कृती हवी. किती भात, कोणतं भांडं, किती वेळ, काय चुकतं आणि का चुकतं.

सुरुवात मी करते. चार माणसांच्या घरात दोन-तीन वाट्या भात उरतो. पानं वाढून झाली की लगेच, जेवणं संपायची वाट न बघता, तो कुकरच्या डब्यातून काढायचा. पसरट ताटात सराट्याने (उलथन्याने) मोकळा करायचा, थर बोटभर जाडीचा. वरून जाळी, पंखा मोठा. वीस मिनिटांनी एकदा खालचा भात वर करायचा. वाफ पूर्ण गेली की झाकणाच्या उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये. मे महिन्यात स्वयंपाकघरच ३८-४० अंशांवर असतं, त्यामुळे ताट हाताला गार लागेल म्हणून थांबू नका, ते लागणारच नाही. आणि कूलरच्या तोंडासमोर ताट ठेवू नका. वाळ्याच्या ताट्यांमधून येणारे तुषार टाकीतल्या पाण्याचेच असतात, आणि ती टाकी आठवडा आठवडा धुतलेली नसते.

सूक्ष्मजीव_शिक्षिका

मूळ कारण आधी सांगते, मग बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

कच्च्या तांदळावर मातीतून आलेले बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे त्या जिवाणूचं कवच घातलेलं झोपेतलं रूप. तांदूळ कितीही धुतला तरी सगळे जात नाहीत आणि भात शिजताना मरतही नाहीत. उलट उकळीच्या उष्णतेने ते जागे होतात. भात ६० अंशांखाली उतरला की ते रुजून वाढायला लागतात. ३० ते ३७ अंश ही त्यांची सर्वांत आवडती ऊब, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातल्या रात्रीचं घर. शिजलेल्या भातात या तापमानाला ते साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतात. एकदा वाढ सुरू झाली की सहा तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे चार हजारांवर.

यातल्या काही जाती भातात एक विष सोडतात, त्याने उलट्या होतात. जिवाणू गरम केल्यावर मरतात, पण हे विष १२१ अंशांवर तासभर ठेवूनही टिकतं. कुकरमधलं तापमान साधारण तेवढंच असतं. म्हणजे बाहेर राहिलेल्या भाताला पाच शिट्ट्या दिल्या किंवा कढईत खरपूस परतला, तरी विष तिथेच. "चांगला कडकडीत गरम करून खाल्ला होता" हे वाक्य म्हणूनच कामाचं नाही. जे ठरायचं ते शिजल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांतच ठरतं.

वासावरही विसंबू नका. आंबूस वास, बुळबुळीतपणा, तार सुटणं ही बहुतेक वेळा दुसऱ्या जिवाणूंची कामं. हा भात दिसायला, हुंगायला, चवीला अगदी चांगला असू शकतो.

उलट्या खाल्ल्यानंतर साधारण अर्ध्या ते सहा तासांत सुरू होतात. दुसरा प्रकार जुलाबाचा, तो सहा ते पंधरा तासांनी. बहुतेक जण दिवसभरात बरे होतात, ओआरएस घोट घोट देत राहावं. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस असेल, पाणीही पोटात ठरत नसेल किंवा गुंगी येत असेल, तर घरी थांबू नये.

दोनशे_ताटांची_मेस

घरचं ताटात जमते, मेसमध्ये भात वेगळ्या हिशोबानं हाताळावा लागते. एक किलो तांदळाचा अडीच-तीन किलो भात होते. दहा किलोचं गंज, म्हणजे मोठं पातेलं, तसंच झाकून ठेवलं तर वरचा भात कोमट होते, पण मधला भात तीन-चार तासांनंतरही ऊनच राहते. तीच ऊब नडते. ढीग चौपट जाड असला तर मधला भात निवायला चौपट नाही, जवळपास सोळापट वेळ लागते. हे डोक्यात ठेवलं की माणूस आपोआप भात पसरवते.

पद्धत अशी. मोठ्या पराती आधीच धुऊन, पुसून, कोरड्या करून ठेवा. एका परातीत दोन किलोपेक्षा जास्त भात नाही, थर दीड इंचाच्या आत. परातीखाली बर्फाचं पाणी असलेली दुसरी मोठी परात, पाणी भातात शिरणार नाही एवढंच. दर दहा मिनिटांनी सराटा फिरवा. खोचायचा थर्मामीटर घ्या, तो महाग येत नाही. दोन तासांत भात २१ अंशांवर आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांवर आला पाहिजे. नाही आला तर तो भात कोणाच्या ताटात जात नाही. त्याचा पुलाव करायचा नाही, मजुरांना वाटायचा नाही, गाईलाही ढीगभर घालायचा नाही. भात जास्त झाल्यानं गाय आजारी पडते.

दुसरा रस्ता म्हणजे भात निवूच द्यायचा नाही. बेन-मारीत, म्हणजे खाली गरम पाणी असलेल्या काउंटरमध्ये, भात ६५ अंशांच्या वर धरायचा. पाणी चांगलं वाफाळतं पाहिजे, कोमट चालत नाही. दर तासाला मध्ये खोचून मोजायचं, कडेला नाही.

आणि कालचा भात आजच्या ताज्या भातात कधीच मिसळायचा नाही. दोघांचाही हिशोब बिघडते.

संत्रानगरी_स्वयंपाक (धागाकर्ती)

शेवटचा मुद्दा घरांनाही लागू. आणि हॉटपॉटबद्दल कोणी लिहिलं नाही. रात्री आठला भरलेला हॉटपॉट दहापर्यंत कोमट होतो आणि मग तीच ऊब सकाळपर्यंत धरून ठेवतो. जेवणाच्या वेळेपुरता तो चांगला, उरलेल्या भातासाठी सर्वांत वाईट जागा.

फ्रिजचं_गॅस्केट

फ्रिज दुरुस्तीचं काम आहे, त्या बाजूनं लिहितो. सगळे म्हणतात "फ्रिजमध्ये ठेवला होता", पण फ्रिज किती अंशांवर होता ते कोणी पाहत नाही. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. ४ किंवा ५ पाहिजे. उन्हाळ्यात इथे ९-१० वर चालणारे फ्रिज खूप सापडतात आणि दह्या-भाज्यांवरून ते लक्षात येत नाही.

कारणं नेहमीचीच. फ्रिज कोनाड्यात कोंबलेला, मागे वीतभर जागा नाही, गरम हवा निघत नाही. थर्मोस्टॅट हिवाळ्यात १-२ वर केलेला, तो तसाच. दाराचं गॅस्केट, म्हणजे कडेची रबरी पट्टी, कडक झालेलं : दारात कागद धरून दार लावा, ओढल्यावर कागद सहज निघाला तर हवा शिरते. डबे इतके खच्चून भरलेले की आत हवा फिरायला वाव नाही.

भाताचा डबा दारात नको, तिथं तापमान सारखं वर-खाली होते. मागच्या बाजूला, मधल्या किंवा खालच्या कप्प्यात ठेवा. कच्चं मटण-चिकन असेल तर भात नेहमी त्याच्या वर. वाफ गेलेला कोमट भात उथळ डब्यात ठेवल्यानं फ्रिज बिघडत नाही. वाफाळतं गंज मात्र शेजारच्या दुधालाही गरम करते.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज चारेक तास गारवा धरते. आपल्याकडच्या ४५ अंशांत, जुन्या गॅस्केटसह, तेवढेही धरू नका. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर भात टाका.

महाल_वाडा

गरम करण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण भात सुरक्षित असूनही खाववत नाही अशी तक्रार असते.

फ्रिजमधला भात कडक होतो तो पाणी उडाल्यामुळे कमी आणि स्टार्च परत घट्ट बसल्यामुळे जास्त. ० ते ४ अंशांवर हे सर्वांत वेगाने होतं. पाण्याचा हबका मारून चांगली वाफ दिली की दाणा पुन्हा मऊ होतो. नुसत्या कोरड्या कढईत टाकला तर बाहेरून कुरकुरीत आणि आत खडा.

वाफेवर : कुकरमध्ये दोन पेले पाणी उकळू द्या, डब्यात भात मोकळा करून वाटीमागे चमचाभर पाणी शिंपडा, शिट्टी न लावता आठ-दहा मिनिटं. एचएमटी, जय श्रीराम असल्या बारीक तांदळाला सात मिनिटं पुरतात. डब्यावर ताटली हवीच, नाही तर झाकणाचं पाणी टपकून वरचा थर लगदा होतो.

मायक्रोवेव्हमध्ये : एक वाटी भात, एक मोठा चमचा पाणी, सैल झाकण, पूर्ण ताकदीवर एक मिनिट. बाहेर काढून ढवळा, पुन्हा पाऊण मिनिट, मग झाकूनच मिनिटभर ठेवा. मध्ये न ढवळल्यास कडेला चटका आणि मधोमध फ्रिजचा गार गोळा राहतो.

फोडणीचा भात : भात आधी हाताने नव्हे, काट्याने मोकळा करा. फोडणी, कांदा, मिरची, शेंगदाणे तयार झाल्यावर भात घाला, हबका मारा, झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं वाफ येऊ द्या, नंतर झाकण काढून परता. खालपासून वरपर्यंत वाफ निघाली पाहिजे, मोजलंत तर ७४ अंशांच्या वर. सांभार (कोथिंबीर) आणि लिंबू गॅस बंद केल्यावर. गरम केलेला भात उरला तर तो परत फ्रिजात जात नाही. म्हणून लागेल तेवढाच काढायचा.

खिचडी_आणि_वडाभात

दोन भर. खिचडी आणि वरणात कालवलेला भात मोकळ्या भातापेक्षा खूप हळू निवतो, कारण गोळ्यात हवा फिरत नाही. खिचडी ताटात थापूनच निववावी. आणि कालवलेला, हात लागलेला भात ठेवूच नये. हातावरच्या स्टॅफिलोकोकस जिवाणूचं विषही गरम करून जात नाही. वडाभातात वडे, भात आणि फोडणीचं तेल तिन्ही वेगळं ठेवायचं. सावजी रस्साही वेगळा, तो खदखदून उकळता येतो, भात तसा उकळता येत नाही.

रोजचा_डबा

शिळ्याचं बोलता बोलता ताज्याकडे दुर्लक्ष नको. सकाळी साडेसातला शिजवलेला भात दीड वाजता खातात, तो सहा तास कोमट असतो. डब्याचं झाकण लागायच्या आधी एक ठरवा : भात गरमच पोचवायचा की गारच. गरम असेल तर व्हॅक्यूमच्या डब्यात आधी उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओता आणि वाफाळता भात काठोकाठ भरा. अर्धवट भरला तर लवकर निवतो. गार असेल तर फ्रिजमधून थेट, शेजारी बर्फाची पिशवी. साधा स्टीलचा डबा आणि कोमट भात हे एप्रिल-मेमध्ये नकोच. दहीभात नेत असाल तर दही आंबट असलं तरी डबा गारच लागतो. भात मिसळल्यावर आंबटपणा सौम्य होतो.

दोन_दिवस_चालतो

फ्रिजमध्ये किती दिवस, यावर एकमत दिसत नाही. ब्रिटनमध्ये २४ तास सांगतात, अमेरिकेत तीन-चार दिवस. कोणतं धरायचं?

सूक्ष्मजीव_शिक्षिका

दोन्ही सल्ले भात लगेच निववला आणि फ्रिज ५ अंशांखाली आहे हे धरून आहेत. ही साखळी जिथे तुटण्याची शक्यता जास्त, तिथे कमी मुदत धरावी. आपल्याकडे होळीपासून पावसाळा सरेपर्यंत २४ तास, हिवाळ्यात दोन दिवस, हे माझं मत. डब्यावर तारीख आणि वेळ लिहिलेली पट्टी चिकटवा. हिवाळ्यातही फ्रिज हवाच : बाहेर १० अंश असले तरी बंद स्वयंपाकघर २० वर असतं.

जास्त दिवस हवा असेल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवा. एका वेळेपुरता भात पिशवीत चपटा थापून, हवा काढून. महिनाभर चांगला राहतो, आणि गंमत म्हणजे फ्रिजमधल्या भाताहून मऊ निघतो, कारण स्टार्च घट्ट बसायची पायरी तो पटकन ओलांडतो. वितळायला बाहेर ठेवू नका, गोठलेलाच वाफेवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करा.

गोंदियाकडचे_पाहुणे

छत्तीसगढी घरांत बासी करतात, भात रात्रभर पाण्यात. तो मग कसा चालतो?

सूक्ष्मजीव_शिक्षिका

कारण त्यात आंबवणाऱ्या जिवाणूंमुळे पाणी आंबट होत जातं आणि पुरेशा आंबटपणात बॅसिलस सिरियस वाढत नाही. पण आंबटपणा यायला काही तास लागतात, तोवरची वेळ धोक्याची. म्हणून भात आधी पसरून निववा, स्वच्छ गार पाण्यात पूर्ण बुडवा, मागच्या बासीचं आंबट पाणी किंवा वाटीभर आंबट ताक घाला, आणि सकाळीच खा. ताटकळत ठेवलेला कोरडा भात रात्री अकराला पाण्यात घालणं म्हणजे बासी नव्हे. आणि घरात आजारी माणूस किंवा वर्षा-दोन वर्षांचं मूल असेल तर त्यांच्यासाठी ताजाच लावा.